चंदाबाईच्या खोलीतलं जातं

"रिकामं जातं फिरवू नको, बाई. दगड दगडाले खाते." ज्या पाथरवटानं मला घडवलं, त्याचे हे शब्द. मला बैलगाडीत चढवताना तो नव्या नवरीला, रंगूबाईला, बजावत होता. मीही ते ध्यानात ठेवलं.

मित्रांनो, मी एक जुनं जातं आहे. मंगरूळपीरजवळच्या काळ्या खडकातून मी निघालो आणि रंगूबाईच्या लग्नात आसेगावला आलो. वीस वर्षं तिच्या घरची ज्वारी दळली. गावात लग्न निघालं की हळद दळायला माझ्याकडेच यायची. बाया म्हणायच्या, "रंगूबाईच्या जात्याचं पीठ म्हंजे नुसती साय." मग मंगरूळला इंजिनाची गिरणी आली. लोक बाजाराच्या दिवशी आठवड्याचं पीठ दळून आणू लागले. मी गोठ्यात गेलो. कोंबड्या माझ्यावर बसू लागल्या.

देशाची फाळणी होऊन तीन-चार वर्षं झाली होती. अशात सिंधकडचं एक निर्वासित कुटुंब छावणीतून आमच्या गावी आलं. फुलचंद, त्याची बायको चंदाबाई आणि तान्ही मुलगी. गाव मारुतीच्या पारावर बसलं. गावातल्या रामधननं रंगूबाईच्या शेजारची आपली रिकामी खोली दिली. तांड्यावरच्या सोनीबाईनं जळणाची मोळी आणून टाकली. फुलचंदची कापडाची फेरी जमेपर्यंत रोज एका घरानं सूपभर ज्वारी द्यायची, असे बायांनी वार बांधले. रंगूबाईनं मला दिलं. चंदाबाईला भाकर थापायलाही तिनंच शिकवलं. पहिली भाकर परातीतच फाटली, तशी रंगूबाई म्हणाली, "फाटू दे वं. माही पहिली भाकर त सासूनं बैलाले घातली होती." दोघी पोटभर हसल्या. मला पुन्हा माणसांत आल्यासारखं वाटलं.

मग कापूस वेचायचे दिवस आले. फुलचंद कापडाचं गठुडं घेऊन आठवडाभरासाठी मानोऱ्याकडे फेरीला गेला. त्याच दिवशी विहिरीवर कोणीतरी बोललं, "निर्वासितायचं बरं आहे बाई. आपन राबा, अन् त्यायले घरबसल्या दाना." चंदाबाई घागर घेऊन मान खाली घालून परतली. दुसऱ्या दिवशी ज्या घरचा वार होता, ते घर शेताच्या घाईत ज्वारी द्यायला विसरलं. चंदाबाई मागायला गेली नाही.

पुढच्या पहाटे ती माझ्यापुढे बसली, खुंटा धरला. मी घासाची वाट पाहिली. घास आला नाही. तिनं मला तसंच फिरवलं.

मित्रांनो, मी हादरलो. माझाच दगड मला खात होता. वाटलं, बाई विसरली. पण ती डोळे मिटून फिरवतच राहिली, रोजच्या दळणाला लागतो तेवढा वेळ. शेजारी सडा टाकणाऱ्या रंगूबाईनं माझी घरघर ऐकली आणि समाधानानं तुळशीला हात जोडले. थोड्या वेळानं आमच्या दारावरून जाताना ती बायांना म्हणाली, "फुलचंदचं जमलं वाटते. काल वाराची ज्वारी राह्यली, तरी दळन आहे त्यायच्या घरी. आता वार बंद करा, तिले उगाच लाजल्यावानी होते." तिच्या मनात मायाच होती. पण त्या एका बोलानं इथली चूल विझली.

पाच दिवस मी रिकामा फिरलो. चंदाबाई रानातला तांदुळजा उकडून खायची. तिचं दूध आटलं. मुलगी आधी रडायची, मग रडेनाशी झाली.

मुंग्यांना चिमूटभर पीठ घातल्याशिवाय तोंडात पाणी घ्यायचं नाही, असा रंगूबाईचा रोजचा नेम. सहाव्या सकाळी तिच्या घरचं पीठ संपलं होतं. ती आमच्या दारात आली. "तुह्या घरी दळन चालूच आहे, चंदाबाई. मुंग्यायपुरतं घेतो वं." चंदाबाई उठेपर्यंत तिनं माझ्याभोवतीचं चिमूटभर उचललं आणि उंबऱ्याशी टाकलं. मुंग्या जवळ आल्या. हुंगलं. बाजूनं निघून गेल्या.

रंगूबाईनं ते बोटांत चोळलं. कचकच लागली.

"हा त दगड आहे."

"पाच दिन से दाना नहीं, बहन. आवाज बंद होता तो सबको मालूम पडता."

रंगूबाई उंबऱ्यावरच बसली. "अन् मीच वार बंद केले. रोज मुंग्यायले देऊन राह्यलो, अन् भिंतीपलीकडं..." मग म्हणाली, "काहून नाही सांगतलं मले?"

"कितनी बार माँगूँ? वो फेरी से आयेंगे तो हम छावनी में वापस चले जायेंगे."

रंगूबाई उठली. घरून सूपभर ज्वारी आणली, वाटीभर गाईचं दूध आणलं. चंदाबाईनं दुधात कापूस बुडवून मुलीच्या ओठांना लावला. बऱ्याच वेळानं त्या चिमण्या ओठांनी तो चोखला. रंगूबाई दळायला बसली आणि पाच दिवसांनी माझ्या तोंडात दाणा पडला.

मित्रांनो, मला जपायचं असेल तर रिकामं फिरवू नका, एवढंच मागणं. पण शेजारच्या घरून जात्याचा आवाज येतो म्हणून तिथं सारं बरं आहे, असंही समजू नका. दार लोटून आत जा. बसा. विचारा.

भाकर तव्यावर टाकता टाकता चंदाबाई म्हणाली, "किसी को मत बताना, बहन."

"कोनाले नाही सांगत. पन तुमी छावनीत जायचं नाही. वार उद्यापासून सुरू होतीन."

"लोग पूछेंगे."

"म्हनीन, माहा नवा नेम आहे."

"झूठ बोलोगी?"

"झूठ कायचं? आजपासून नेमच आहे."

चंदाबाईनं पहिली भाकर तिच्यापुढे धरली. रंगूबाईनं मान हलवली, डोक्यावर पदर घेतला, रिकामं सूप काखेत धरलं आणि बाया शेतात निघायच्या आत ती पहिल्या घराकडे चालू लागली.