वहिनीने वाचलेला रिपोर्ट

माझ्या थोरल्या भावाने लग्न केलं नाही, तरी मला वहिनी आहे. ती त्याच्या कॉम्प्युटरमध्ये राहते. दादाला जन्मापासून दिसत नाही. पत्र असो, बिल असो, नाहीतर औषधाच्या खोक्यातला तो बारीक घडीचा कागद असो, मी माझ्या टायपिंगच्या दुकानात स्कॅन करून पाठवते आणि कॉम्प्युटर बाईच्या आवाजात त्याला वाचून दाखवतो. दिवसभर दोघांचं चाललेलं असतं. "वहिनी काय म्हणतेय?" मी विचारते. "तुझ्यापेक्षा कमी बोलते," दादा म्हणतो.

खरं तर ती भयंकर बोलते. दादा तिला इतक्या भरभर बोलायला लावतो की आपल्यासारख्याला एक अक्षर कळू नये. शेजारच्या खोलीत मिक्सर लावलाय असंच वाटतं. माझी भाजी निवडून होईपर्यंत त्याचं अख्खं वर्तमानपत्र संपलेलं असतं. शिवाय वहिनीला पोच नाही. कागदावर जे दिसेल ते सगळं वाचणार. हॉस्पिटलचा कागद असेल तर आधी पत्ता, मग तीन फोन नंबर, मग "पान एक, एकूण तीन". अक्षरांवर शिक्का पडला असेल तर "ट ट पाच रेघ रेघ क्ष". आणि डॉक्टरची सही आली की तिची बोबडीच वळते. दादा ते सगळं शांतपणे ऐकून घेतो. माझं मात्र एक वाक्य लांबलं तर लगेच म्हणतो, "मुद्द्यावर ये, भिंगरी."

एकतीस वर्षं तो एका मोठ्या कंपनीत टेलिफोन ऑपरेटर होता. "साहेब मीटिंगमध्ये आहेत" हे खरं की खोटं, ते त्याला पहिल्या दोन शब्दांत कळायचं. घरात माझी तर काही सोयच नव्हती. लहानपणापासून मला त्याच्याशी एक थाप धड मारता आलेली नाही.

म्हणूनच दादाच्या पोटातल्या गाठीचा रिपोर्ट आणायला एकटीच गेले आणि डॉक्टरांनी "जरा आत या" म्हटलं, तेव्हा आता घरी जाऊन काय सांगायचं, हेच आधी मनात आलं. आंधळ्या माणसाबरोबर कुठेही जा, लोक सोबतच्याशीच बोलतात. दादा समोर बसलेला असताना वेटर मला विचारतो, "यांना साखर चालते का?" डॉक्टरही त्यातलेच. आजार यकृतात पसरलाय, ऑपरेशनचा उपयोग नाही, फार तर पाच-सहा महिने, हे सगळं त्यांनी मला सांगितलं. वर म्हणाले, "त्यांना सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा." मला कोणी नेमलं होतं ठरवायला? मी मान हलवली आणि बाहेर येऊन जिन्यात बसून रडले.

त्यातून शाळेचं प्रकरण होतं. अंध मुलांच्या शाळेतल्या मुख्याध्यापिकांनी दादाला विचारलं होतं, आमच्या मुलांना कॉम्प्युटर शिकवाल का, दोन वर्षांचा वर्ग आहे. निवृत्तीनंतर इतका खूश झालेला मी त्याला पाहिला नव्हता. धडे तयार करून झाले होते, नवे बूट आणून झाले होते. पण होकार त्याने अडवून ठेवला होता. "रिपोर्ट येऊ दे," तो म्हणायचा. "अर्ध्यात सोडून जाणारा मास्तर काय कामाचा?"

हे मी तोंडाने सांगूच शकले नसते. खरं सांगायची हिंमत नव्हती आणि खोटं त्याने लगेच पकडलं असतं. पण वहिनीचा आवाज कापत नाही. मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि नवा रिपोर्ट टाइप केला. दादाचं नाव, तारीख, डॉक्टरांचं नाव. "गाठ साधी आहे. काळजीचे कारण नाही. सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी करावी." तीनदा तपासला. चूक एकही नव्हती. दादाला पाठवून दिला. बाई, मी स्वतःशी म्हटलं, निदान हे महिने तरी त्याला बूट घालून शाळेत जाऊ दे.

दुपारी घरी आले तर तो कॉम्प्युटरसमोर बसूनच होता. "रिपोर्ट आलाय. थांब, पळू नकोस," तो म्हणाला आणि त्याने वहिनीचा वेग कमी केला. "तूही ऐक."

मग माझं खोटं मलाच ऐकावं लागलं, एकेक शब्द सुटा. गाठ साधी आहे. काळजीचे कारण नाही. वहिनी कुठे अडखळली नाही की थांबली नाही. दादाने ते दुसऱ्यांदा लावलं. मी पदराने उगाच टेबल पुसत होते.

"छान," तो म्हणाला आणि त्याने फोन उचलला. नंबर त्याला पाठच होता. मी देवाचे आभार मानायच्या बेतात होते.

"नमस्कार मॅडम," तो म्हणाला. "तुमच्या वर्गाचं बोलायचं होतं. मला नाही जमणार. तुम्ही दुसरं कोणी बघा... नाही, नाही, पैशांचं काही नाही. दोन वर्षं माझ्या हातात नाहीत, एवढंच."

फोन ठेवून तो माझ्याकडे वळला.

"कसं कळलं तुला?" मी विचारलं. "मी तर तोंडातून चकार शब्द काढला नाही."

"फोन नंबर कुठे गेले, भिंगरी? पान एक, एकूण तीन कुठे गेलं? शिक्का नाही, सही नाही. त्या हॉस्पिटलचे अकरा कागद ऐकलेत मी. इतका स्वच्छ कागद तिथून येत नाही. तो तुझ्या दुकानातून येतो."

मी मटकन खालीच बसले. त्याच्या गुडघ्यावर डोकं ठेवून म्हटलं, "रागाव ना रे माझ्यावर."

"रागावतो नंतर. खरा कुठंय?"

"मोबाइलमध्ये. दादा, मीच सांगते. मी वाचते."

"तू वाचलंस तर मला ते ऐकायचं सोडून तुलाच सावरत बसावं लागेल. तिला वाचू दे. पाठव."

काय करणार? त्याच्यापासून काही लपवायचं म्हणून मी एवढा खटाटोप केला होता आणि आता माझ्याच अंगठ्याने ते त्याला पाठवत होते. पाठवलं. दादाने वेगाच्या बटणावर बोट ठेवलं. एकदा दाबलं, दोनदा दाबलं, मग दाबतच राहिला.

"एवढं भरभर कशाला?" मी म्हटलं. "हळू लाव की मघासारखं."

"तुला कशाला पुन्हा ऐकायला लावू?"

वहिनी सुरू झाली. इतक्या वेगाने मी तिला कधीच ऐकलं नव्हतं. पत्ता असेल, फोन नंबर असतील, शिक्का असेल, काहीच वेगळं कळत नव्हतं. मी त्याच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहत राहिले. यकृताचं ते वाक्य आलं की त्याचा हात धरायचा, एवढंच आता माझ्या हातात उरलं होतं. त्याची मान मधूनमधून हलत होती, रोजच्या बातम्या ऐकताना हलते तशीच.

मग आवाज थांबला.

"झालं," दादा म्हणाला.

ते वाक्य केव्हा येऊन गेलं, मला कळलंच नव्हतं.