ओसोर्नोच्या एका धुरांड्याची तक्रार

मी एक जुने धुरांडे आहे. खाली लोखंडी चूल, वर छपराबाहेर पत्र्याची टोपी आणि मधले अकरा फूट मी. मित्रांनो, चिली देशाच्या दक्षिणेला आमचे ओसोर्नो शहर आहे. इथे थंडी आणि पाऊस हातात हात घालून येतात, आणि जायचे नाव घेत नाहीत. अशा गावात माणसे जगतात ती आमच्या जिवावर. पण पाहुणा आला की हात चुलीपुढे धरतो आणि कौतुकही चुलीचेच करतो. दर शनिवारी काळे पॉलिश लागते ते चुलीला. माझ्याकडे लोक बघतात ते फक्त मी गळायला लागल्यावर.

मला बेलार्मिनोने घडवले. पत्र्याचे काम करणारा हा माणूस बोलायला तुसडा, पण हात सोन्याचे. लग्न झाले त्या वर्षी त्याने मला बायकोच्या, म्हणजे एल्सिराच्या स्वयंपाकघरात उभे केले. पुढे माझा एखादा तुकडा गंजला की तो नवा बसवायचा. त्यामुळे मी नेमके किती वर्षांचे, हे मलाही सांगता येत नाही.

बेलार्मिनोचा हिवाळा जानेवारीत सुरू व्हायचा. आमच्याकडे तो ऐन उन्हाळा. त्या उन्हात तो लाकूड आणायचा, फोडायचा आणि मागच्या पडवीत फटी ठेवून रचायचा. दोन ओंडके एकमेकांवर आपटून ऐकायचा. आवाज खणखणीत आला तर लाकूड वाळले, भदभद आला तर राहू दे. फेब्रुवारीच्या शेवटी तो छपरावर चढायचा आणि साखळीला गोणपाटाचा बोळा बांधून माझ्या पोटातून तीनदा वरखाली ओढायचा. गुदगुल्या व्हायच्या, पण पुढचे सहा महिने मी मोकळा श्वास घ्यायचे. जुलैत अर्धी गल्ली आमच्या चुलीभोवती बसून लाल भोपळ्याच्या गरम पुऱ्या खायची आणि माते नावाचा कडवट पाल्याचा चहा एकाच नळीने, भांडे फिरवत प्यायची. या गर्दीत धूर नावाचा पाहुणा कधी नसायचा.

चार वर्षांपूर्वी बेलार्मिनो गेला. एल्सिरा शहात्तर वर्षांची. चूल तिची, छप्पर मात्र आता तिच्या गुडघ्यांचे राहिले नव्हते. म्हणून घराची हिवाळ्याची व्यवस्था तिच्या जावयाकडे आली. जावई व्लादिमिर. तो आणि एल्सिराची मुलगी यास्ना शहराच्या दुसऱ्या टोकाला, चौथ्या मजल्यावर राहतात. तिथे ऊब भिंतीतून येते, त्यामुळे व्लादिमिरला उबेतले सगळे कळते.

पहिली तीन वर्षे तो निदान चढला तरी. यंदा फेब्रुवारीत एल्सिराने त्याला फोनवर आठवण करून दिली. तो म्हणाला, शनिवारी येतो. शनिवारी त्याच्या क्लबचा सामना होता. पुढच्या शनिवारी सामना हरल्याचा शोक होता. मार्चमध्ये तिने पुन्हा फोन केला, एप्रिलमध्ये तीनदा. मेमध्ये तो आला, तेव्हा पाऊस लागला होता आणि छप्पर निसरडे झाले होते. चढणे धोक्याचे होते, हे मी मान्य करते. फक्त ते छप्पर फेब्रुवारीत कोरडे होते, एवढीच नोंद करून ठेवते.

येताना त्याने ट्रकवरून लाकूड आणले. विकणारा म्हणाला, हाडासारखे कोरडे आहे. व्लादिमिरने ते आपटून पाहिले नाही; त्याने विकणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि चेहरा कोरडा होता. मग ते ओले लाकूड लवकर संपू नये म्हणून त्याने धुराची वाट कमीजास्त करणारी माझी झडप जवळजवळ बंद केली.

"झडप लावली की लाकूड पुरतं, सासूबाई. साधं शास्त्र आहे."

मित्रांनो, ओले लाकूड जळत नाही, ते घाम गाळते. झडप लावली की तो घाम माझ्या अंगाला डांबरासारखा चिकटतो आणि त्यावर काजळी बसते. जूनमध्ये मी कोपरातून, म्हणजे नळीच्या वळणावरच्या सांध्यातून, काळे थेंब गाळू लागले. जुलैत धूर खाली परतू लागला. एल्सिरा झडप उघडायची, खिडकी उघडायची, खोकायची, पुन्हा पेटवायची. आणि मग काय ठरले असेल? लाकूड ओले आहे असे नाही. धुरांडे तुंबले आहे असे नाही. ठरले ते असे, की म्हातारीला आता चूल पेटवता येत नाही.

एका रविवारी दुपारी चहाला दोघे आले. घर गार होते; एल्सिराने सकाळपासून चूल पेटवलीच नव्हती. यास्नाने कोट न काढताच नवऱ्याकडे पाहिले.

"आई, तुला आता जमत नाही. यात लाज कसली? वय सगळ्यांचं होतं."

व्लादिमिरने पुढचे सांगितले. चौथ्या मजल्यावर तिच्यासाठी खोली रिकामी आहे. आणि गुरुवारी एक गृहस्थ घर बघायला येणार आहेत, फक्त बघायला.

 एल्सिराने फळांचा केक बाजूला सरकवला, टेबलावर वर्तमानपत्र पसरले, नवऱ्याचे जुने हातमोजे घातले आणि माझे कोपर व वरचा एक तुकडा उपसून काढला. दोनदा आपटला. टोपलीभर काजळी पडली. पापुद्रे कपबशांपर्यंत गेले. मग तिने तो तुकडा मुलीच्या डोळ्यांसमोर धरला. पलीकडचा उजेड बटणाएवढा दिसत होता.

"हे माझं वय का गं? हे तुझ्या नवऱ्याचे शनिवार आहेत. फेब्रुवारीपासूनचे."

"पण सासूबाई, एकदा नीट सांगायचं तरी," व्लादिमिर म्हणाला.

"पाच फोन केले, जावईबापू. सहावा छपरावरून करायचा होता का?"

यास्नाने तो तुकडा हातात घेऊन स्वतः डोळ्याला लावून पाहिला. मग नवऱ्याला म्हणाली, "शिडी पडवीत आहे. पाऊस थांबलाय तोवर चढ." तो चढला, चांगला शर्ट घालून. खाली यास्नाने शिडी धरली होती, फार प्रेमाने नव्हे.

गुरुवारी ते गृहस्थ आले. शेजारणीच्या कोरड्या लाकडावर चूल पेटली होती आणि मी सरळ आभाळात धूर सोडत होते. एल्सिराने दार अर्धेच उघडले आणि त्यांना सांगितले की या घरात माणूस राहतो.

मित्रांनो, माझे मागणे थोडके आहे. घरात धूर झाला की घरातल्या म्हाताऱ्या हातांवर खापर फोडण्याआधी धुरांड्यात डोकावून पाहा. आणि हे काम उन्हाळ्यात करा. भर उन्हात हिवाळ्याची तयारी बघून लोक हसतील. हसू द्या.