मुठीखालचं नाव

दसऱ्याला घरात शस्त्र असावं आणि त्यावर गंज चढलेला असावा, हे श्यामलाबाईंना कसं बरं सहन होणार? पुण्याहून परदेशात, केलीव्हिलला लेकाकडे येऊन चार महिने झाले होते, आणि या घरात त्यांच्या हाताला हे पहिलंच काम दिसत होतं. विनय ऑफिसला गेलेला. टेबलावर एक जपानी तलवार, मूठ काढून ठेवलेली. पातं लख्ख, पण मुठीत जाणारा दांडा मात्र काळाकुट्ट! बाईंनी लिंबू-मीठ लावलं आणि तारेच्या घासणीने तासभर खसाखसा घासलं. दांड्यावर कोरलेली जपानी अक्षरं उजळली. मग हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं. स्वारी खूश.

संध्याकाळी विनय आला आणि त्याने तलवार उचलून दांडा दिव्याखाली धरला.

"आई, अगं काय केलंस हे?"

"गंज काढला रे. बघ, नाव कसं छान दिसतंय."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने शांतपणे सांगितलं. ते नाव तलवार घडवणाऱ्याचं. मोठ्या कारागिरांची नावं मागाहून खोटी कोरणारे पुष्कळ. खरं-खोटं ओळखायचं ते अक्षरांतल्या जुन्या काळ्या गंजावरून, म्हणून दांडा कधी म्हणजे कधी घासायचा नाही. तलवार विनयच्या जुन्या बॉसची, रॉसची; विनय जपानी तलवारींचा जाणकार, म्हणून त्याने ती पारखायला दिलेली. त्याच्या वडिलांनी ती युद्धातून आणलेली. ही फार मोठ्या उस्तादाची आहे, असं ते जन्मभर सांगत राहिले, आणि लोक त्यांना थापाड्या म्हणून हसत राहिले. रॉसला कॅन्सर. बाप खरं बोलत होता का, एवढंच त्याला जायच्या आधी कळायला हवं होतं.

"मग आता?"

"आता कुणालाच कळणार नाही, आई."

मेलं माझं शहाणपण, असं म्हणत बाईंनी चार दिवस स्वतःला बोल लावला. रविवारी हट्टाने विनयबरोबर हॉस्पिटलात गेल्या. रॉसची माफी मागायचीच होती. इंग्रजी वाक्य गाडीत दहादा घोकलं.

पण रॉसनेच आधी विचारलं, "सो, मेट? इज इट रियल?"

विनयने एकदा आईकडे पाहिलं. "येस, रॉस. जेन्युइन."

म्हातारा हमसून हमसून रडला. मग म्हणाला, मुलांसाठी लिहून दे, तुझा शब्द ते मानतील.

खात्री नसताना विनयने वीस वर्षांत एकाही तलवारीवर मत दिलं नव्हतं. त्याने कागद घेतला, लिहिलं आणि खाली सही केली.  आता श्यामलाबाईंना माफी मागायचीही सोय उरली नव्हती.