विरघळलेली गाठ

सलाइनची बाटली अर्धी झाली की चिमीला नेहमी तेच स्वप्न पडायचं. समोर मनगटी घड्याळ. ती मागचं झाकण उघडते, तर आत चाकं नाहीत, नुसतं नितळ पाणी आणि तळाशी एक खडा, हळूहळू विरघळत चाललेला. ती बोट बुडवायला जाई, तेवढ्यात नर्स दंडाला हात लावी. "झालं हं. किती गाढ झोपलात!"

चिमी म्हणजे सत्तावन्न वर्षांची बाई, घड्याळं दुरुस्त करणारी; पण मोठ्या बहिणीच्या तोंडी अजून चिमीच. देवानं बोटं अशी दिलेली की तिळाएवढा स्क्रू जमिनीवर पडला तरी न बघता उचलायची. डाव्या स्तनातली लिंबाएवढी गाठही त्या बोटांनाच लागली होती.

"आधी सलाइनमधून औषध देऊ, मग शस्त्रक्रिया," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "गाठ आक्रसली तर सगळा स्तन काढावा लागणार नाही." आणि गाठीच्या पोटात त्यांनी धातूची एक बारीक खूण ठेवून दिली. गाठ दिसेनाशीच झाली, तर जागा सापडायला नको?

ताईला हे काही केल्या पटेना. तिचा उजवा स्तन तीस वर्षांपूर्वी, गाठ कळल्यावर आठवड्याच्या आत काढला होता. "चोर घरात शिरलाय, आणि ह्या म्हणतात, आधी त्याला सरबत पाजू!"

तरी दर तीन आठवड्यांनी चिमीला न्यायची तीच. केस गेले तेव्हा टकलावरून हात फिरवत म्हणाली, "तान्ही होतीस तेव्हा अश्शीच दिसायचीस. फक्त बोलायचीस कमी."

पाचव्या खेपेनंतर एका सकाळी गाठ बोटांना लागेना. आता गंमत बघा, चिमीला आनंद झालाच नाही. औषधानं बोटं बधिर होतात, हे तिनं ऐकलं होतं. गेली आपली बोटं, गेला धंदा, असं म्हणत ती दुकानात जाऊन बसली. मग डोळे मिटून एक स्क्रू मुद्दाम फरशीवर टाकला. चाचपला. पहिल्याच झटक्यात मिळाला! पुन्हा टाकला, पुन्हा मिळाला. सगळ्या घड्याळांची टिकटिक एकमेकांत मिसळून झऱ्यासारखी वाहत होती, आणि त्या आवाजात तिच्या ध्यानात आलं: बोटं जाग्यावर आहेत. गाठच नाही.

सहावी खेप झाल्यावर नव्या फोटोतही खुणेखेरीज काही दिसलं नाही. "दिसत नाही म्हणजे तिथे काहीच उरलं नाही, असं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "खुणेभोवतीचा थोडा भाग आणि काखेतल्या दोन-तीन ग्रंथी काढून तपासू. मग किरणांचे उपचार. सगळा स्तन काढल्यानं तुमचं आयुष्य वाढेल, असं मला वाटत नाही. पण तुम्हाला तसंच हवं असेल, तर तसं करू. उद्या सांगा."

दोघी घरी आल्या. दार लावल्याबरोबर ताई म्हणाली, "सगळं काढून टाक. थोडंसं ठेवायचं आणि जन्मभर जीव टांगणीला लावायचा? तू गेलीस तर मी कुणाकडे बघू?"

चिमीला थोडंच काढायचं होतं. पण आईमागे जिनं वाढवलं, तिच्यापुढे नाही कसं म्हणायचं? ती खिडकीशी उभी राहिली. दुपारचं ऊन पडद्यातून झिरपून जमिनीवर सांडलं होतं. सगळी खोली पाण्याखाली असल्यासारखी. तिच्या तोंडून आपसूक निघालं, "ताई, मला तुझं दाखव."

"काय दाखवू?"

"तीस वर्षांत मी पाहिलं नाही."

"अगं मेले, माझं काय प्रदर्शन आहे?" ताई म्हणाली. पण मग पाठ फिरवली, आणि थोड्या वेळानं वळली, बटणं सोडून.

सपाट, फिकट कातडी. छातीच्या मधल्या हाडापासून काखेपर्यंत एक लांब शिवण, आणि तिच्याखाली बरगड्या.

"बघ. जगले ना मी?"

"जगलीस," चिमी म्हणाली आणि शिवणीवरून बोटं फिरवू लागली, इतकी हळू, जणू जोर केला तर कुठल्यातरी नाजूक चाकाला धक्का लागेल. निम्म्यावर आली तेव्हा बरगड्या थरथरायला लागल्या. ताई रडत होती.

"इथे कुणाचा हातच लागला नाही गं," ती म्हणाली. "तुझ्या भावजींचासुद्धा नाही. मीच लावू दिला नाही."

चिमीनं हात तसाच ठेवला. ऊन जमिनीवरून भिंतीवर चढलं.

बऱ्याच वेळानं ताईनं डोळे पुसले. "डॉक्टर खोटं बोलणाऱ्या वाटत नाहीत."

"नाही वाटत."

"मग लागेल तेवढंच काढू दे त्यांना. उद्या मीच सांगते, तुझी जीभ ऐनवेळी टाळूला चिकटते." आणि बटणं लावता लावता, "गार हात मेलीचे! बर्फात ठेवले होतेस की काय?"