ओळीपुढचं नाव

जालना एमआयडीसीत बियाण्यांच्या कारखान्यांना सॉफ्टवेअर करून देणारी एक छोटी कंपनी आहे. ते सॉफ्टवेअर प्रितम नावाच्या पोरानं एकट्यानं लिहिलं आणि तो हैदराबादला गेला. तिथं तो सुखात असावा, कारण फोन उचलत नाही.

प्रितमचं डोकं तेज, पण स्पेलिंगशी त्याचं पटत नसे. प्रोग्रामच्या जवळजवळ प्रत्येक ओळीच्या शेवटी त्यानं एकेक शेरा लिहून ठेवलेला: ही ओळ काय करते, कशासाठी आहे. याला कॉमेंट म्हणतात. कॉम्प्युटर ती वाचत नाही. ती मागून येणाऱ्या माणसासाठी असते.

मागून आली ती वाटूरची दीपमाला. इंग्रजीत एम.ए. मालक बद्रीनाथ शेठ तिला म्हणाले, "पुण्याची पार्टी आपला प्रोग्राम विकत घ्यायच्या आधी उघडून बघणार आहे. माहितीपुस्तक, कॉमेंटा, सगळ्याची स्पेलिंग साफ कर. बाकी कशाला हात लावू नको. काम पसंत पडलं तर मे अखेर कायम करून टाकू."

दीपमालानं दुसऱ्या कशाला हात लावला नाही. तिकडं वाटूरला तिच्या वडिलांनी, साहेबरावांनी, पोरगी कायम झाली म्हणून आधीच पेढे वाटले. बातमी खरी करायचं तेवढं तिच्यावर राहिलं.

मे महिन्यात एका कारखान्यातून फोन आला. सोयाबीनचं प्रत्येक पोतं ओलावा जास्त म्हणून सॉफ्टवेअर नापास करत होतं. बाहेर झाडाची पानं पापडासारखी मोडत होती आणि आत कॉम्प्युटर म्हणत होता, माल ओला आहे.

ऑफिसातला सीनियर म्हणजे रिजवान. प्रोग्राम सांभाळणाऱ्या यंत्रणेत एक सोय असते: कुठलीही ओळ दाखवली की तिला शेवटचा हात कोणी, कधी लावला ते नावासकट येतं. रिजवाननं ओलाव्याची ओळ दाखवली. नाव आलं, दीपमाला.

"ही लाईन तुझी हाय?" तो म्हणाला.

"न्हाई हो रिजवानभाई. मी त्यातली स्पेलिंग दुरुस्त केल्ती."

"मंग वरची?"

वरचीही दीपमाला. खालचीही दीपमाला. रिजवान खाली खाली जात राहिला. कॉमेंट ओळीच्या शेवटी, ओळीसकट बदल नोंदलेला, त्यामुळे सगळीकडं दीपमालाच. प्रितम कुठं औषधालाही शिल्लक नव्हता.

"कमाल करून राह्यली तू," रिजवान म्हणाला. "अख्खं सॉफ्टवेअर तूच लिहिलं आणि आम्हाला पत्ता न्हाई."

बद्रीनाथ शेठ केबिनमधून बाहेर आले. त्यांनी पडदा पाहिला, दीपमालाला पाहिलं.

"सर, मी फक्त स्पेलिंग..."

"स्पेलिंगचं मी विचारतच न्हाई. नाव तुझं आहे का न्हाई?"

"नाव माझं आहे."

"बस." शेठनी कारखान्याला फोन लावला. "सर्जेराव, काळजी करू नका. ज्यांनी लिहिलंय त्या मॅडमलाच पाठवून राह्यलो."

रिजवानच्या मोटारसायकलवर मागं बसून जाताना दीपमाला हिशोब लावत होती. ओळ तिची म्हणावी, तर चूकही तिचीच आणि नोकरी गेली. ओळ तिची नाही म्हणावी, तर स्पेलिंगचं काम संपलेलंच होतं, तरीही नोकरी गेली.

"रिजवानभाई, मी नेमकं काय सांगू?"

"काहीच नको सांगू. गॉगल लाव."

तिच्याकडं गॉगल नव्हता.

कारखान्यात सुपरवायझर सर्जेराव दारातच उभे होते. आजूबाजूला चार माणसं, घामानं ओली झालेली. ओलावा मोजायचं यंत्र एका टेबलावर होतं. तिथं गेल्याबरोबर दीपमालाला फार बरं वाटलं. वारं गार येत होतं.

"इथं थंड आहे हो," ती म्हणाली. दुसरं बोलण्यासारखं तिला काही ठाऊक नव्हतं.

"आहे ना," सर्जेराव कौतुकानं म्हणाले. "कालच कूलर या बाजूला फिरवला. माणसं लई उकडून राह्यलती."

रिजवाननं कूलरकडं पाहिलं. कूलरचं तोंड यंत्रावर होतं आणि पाण्याचे तुषार थेट सोयाबीनच्या नमुन्यावर पडत होते. त्यानं कूलर फिरवला. कोरडा नमुना घालून परत मोजलं. पोतं पास. दुसरं पोतं पास.

सर्जेराव दीपमालाकडं वळले. "मॅडम, म्हंजे तुमची लाईन बराबर होती. आमच्या ओल्या मालाला तिनं ओलाच म्हणलं."

"लाईन माझी न्हाई हो. मी तर..."

"मोठी माणसं अशीच बोलतेत," सर्जेराव शेजारच्याला म्हणाले. लगेच त्यांनी बद्रीनाथ शेठना फोन करून मॅडमचं कौतुक केलं. कूलरचा उल्लेख फोनमध्ये आला नाही.

संध्याकाळी शेठनी कायम केल्याचं पत्र पुढं सरकवलं. हुद्दा होता, मुख्य प्रोग्रामर.

"सर, मला प्रोग्राम लिहिता येत न्हाई," दीपमाला म्हणाली.

शेठनी पत्रावर पेन ठेवलं. मग म्हणाले, "पुण्याच्या पार्टीनं काल प्रोग्राम उघडून पाह्यला. प्रत्येक ओळीवर तुझं नाव पाहून खूश आहेत. म्हणले, बाकीच्या कंपन्यांत लिहिणारा सोडून जातो, तुमच्यात टिकून आहे. आता मी त्यांना काय सांगू, ते तूच सांग."

दीपमालानं पेन उचललं. घरी पेढे वाटून झालेले. तिनं सही केली.

"आणि हे बघ," शेठ म्हणाले, "येत न्हाई तर शिकून घे. लिहून तर तुझं झालंच आहे."

बाहेर रिजवान तिच्या टेबलापाशी उभा होता. सकाळपर्यंत तो तिला तू म्हणत होता.

"मॅडम, मुबारक. एक छोटं काम होतं. बिलांची मी लिहिलेली नवीन फाइल तुमच्याकडं पाठवलीय. कॉमेंटमधी स्पेलिंगच्या चुका लई झाल्यात. जल्दी न्हाई, पण आज झालं तर बरं. उद्यापासून बिलं चुकीची येणार आहेत, असं वाटून राह्यलं."

दीपमालानं फाइल उघडली. चुका खरंच खूप होत्या. त्या सगळ्या आज दुपारीच केलेल्या होत्या, आणि प्रत्येकीपुढं रिजवानचं नाव होतं. तिचा हात माऊसवर गेला आणि तिथंच थांबला.

"रिजवानभाई," ती म्हणाली, "आधी मला ही ओळ काय करते ते समजावून सांगा. मंग बघू."

रिजवाननं खुर्ची ओढून घेतली, आणि स्वतःच लिहिलेली ती ओळ काय करते ते तोही बोट ठेवून अक्षर अक्षर लावून वाचायला लागला.