ओली प्रिंट

साहेब चार वाजता येणार होते आणि साडेतीनला माझ्या भावाचा चेहरा प्रिंटमध्ये लख्ख दिसत होता.

"लाल दिव्यात तर पार काळा झाला होता ना गं ताई!" तो म्हणाला. आमच्या काळ्या खोलीत, रसायनांच्या बाटल्यांशेजारी तो उकिडवा बसला होता.

मला स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटली. लाल दिव्यात प्रिंट असते त्याहून गडद दिसते, हे बाबांनी मला शाळेत असताना शिकवलं होतं. वीस वर्षं याच खोलीत लोकांचे चेहरे धुतले आणि ऐन वेळी नवशिक्यासारखी फसले. भीतीने अक्कल गहाण पडली, दुसरं काय.

सोमवारी कारखान्याच्या फाटकासमोर गर्दी जमली होती. मी फोटो काढला आणि त्याच क्षणी कुणीतरी दगड भिरकावला. मॅनेजरचा डोळा गेला. पेपरात माझाच फोटो छापून आला: आभाळाकडे उठलेला एक हात, मुठीत दगड आणि खाली चेहऱ्यांचा नुसता लगदा. मग चौकशीचे साहेब आमचा जिना चढून आले. "मोठी प्रिंट हवी. चेहरे दिसले पाहिजेत," एवढंच म्हणून गेले.

हात माझ्या भावाचा होता. घरात त्याला आम्ही बारक्या म्हणतो. उंची सहा फूट, डोकं मात्र नावाप्रमाणे. आई गेल्यापासून मीच त्याला वाढवलं. त्याला नेलं तर तो परत येणार नाही, हे मला माहीत होतं. त्या फाटकावरून याआधी नेलेल्यांपैकी कोणीच परत आलं नव्हतं.

हात पुसण्यात अर्थ नव्हता, तो सगळ्या गावाने पाहिला होता. बुडवायचा होता चेहरा.

पहिली प्रिंट फसली होती, म्हणून मी फोटो मोठा करायच्या यंत्राखाली दुसरा कागद लावला. पुठ्ठ्याला भोक पाडलं आणि त्यातून फक्त बारक्याच्या तोंडावर नि खांद्यावर उजेड सोडत राहिले. उजेड जितका जास्त, तितका कागद काळा. पण एवढा काळा डाग पडला की फोटो कलंडतो, आपण काहीतरी लपवतोय हे सांगत सुटतो. बाबा म्हणायचे, काळ्याशेजारी पांढरं ठेव, म्हणजे डोळ्याला बसायला जागा मिळते. म्हणून मी तारेला लावलेली पुठ्ठ्याची चकती घेतली आणि शेजारच्या चेहऱ्यावरचा उजेड थोडा अडवला. तो चेहरा छान उजळणार होता. कुणाचा होता ते मी पाहिलंही नाही. कागदावर पडलेल्या निगेटिव्हमध्ये सगळेच सारखे दिसतात, पांढऱ्या केसांचे आणि काळ्या दातांचे.

प्रिंट धुतली, पांढरा दिवा लावला. चेहरा बुडाला होता, पण नीट पाहिलं तर एक कान आणि जबड्याची कड दिसत होती. बारक्याचा डावा कान लहानपणी कुत्रा चावल्यामुळे खालून तुटका आहे. मी स्वतःला समजावलं की ओली प्रिंट सुकली की आणखी गडद होते. हा कान दहा मिनिटांत जाईल.

निगेटिव्ह मात्र राहून चालणार नव्हती. साहेबांनी आज मागितली नव्हती, उद्या मागितली असती. मी कात्रीने तिचे बारीक तुकडे केले आणि मोरीत वाहून दिले. घाईत अंगठाही कापला.

खालून टेलरकाकांच्या मशीनचा आवाज येत होता, रोजच्यासारखा. तेवढ्यात त्यातून बुटांचा आवाज वेगळा झाला. जिन्यावर कोणीतरी येत होतं. चारला अजून दहा मिनिटं होती.

"पडद्यामागे," मी म्हटलं. काळ्या खोलीचा तो दुहेरी पडदा टेलरकाकांनीच शिवलाय. "सुईएवढाही उजेड आत येणार नाही, पोरी," म्हणाले होते. मी प्रिंट घेऊन बाहेर आले आणि बारक्याने तो आतून ओढून घेतला.

साहेब थेट प्रिंटवर वाकले.

"हात लावू नका हं, ओली आहे. ठसा उमटेल."

"मग वाळवा की. मला वेळ नाही."

मी केस वाळवायचं मशीन चालू केलं. साहेबांनी खिशातून चष्मा काढला, पुसला, उजेडाकडे धरून पाहिला, पुन्हा पुसला. मी गरम वारा त्या कानावर धरला. आधी जबड्याची कड गेली. कान जाईना. साहेबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. मी वारा आणखी जवळ नेला. मग कान हळूहळू काळ्यात उतरला आणि दिसेनासा झाला.

"वा," साहेब म्हणाले. "फोटो छान काढता हो तुम्ही. नजर सरळ याच्यावरच जाते."

त्यांचं बोट मी उजळलेल्या चेहऱ्यावर होतं. मी पहिल्यांदाच तो चेहरा पाहिला.

टेलरकाका होते ते. कामगारांचे गणवेश पोहोचवायला गेले असणार. त्यांचे दोन्ही हात गठ्ठ्यात अडकलेले असणार, पण पुढच्या माणसांच्या आड ते हात दिसत नव्हते. बारक्याचा खांदा मी काळा केला होता आणि दगड धरलेला तो हात आता टेलरकाकांच्या खांद्यातून वर आला होता.

"हा खालचाच शिंपी ना?"

"साहेब, तो हात त्यांचा नाही."

"मग कुणाचा?"

पडद्याची घडी जराशी हलली. मी तिच्याकडे पाहिलं नाही. निगेटिव्ह असती तर मी काय केलं असतं, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पण ती मोरीतून केव्हाच वाहून गेली होती.

"माहीत नाही," मी म्हणाले.

साहेबांनी प्रिंटची गुंडाळी केली, मान हलवून आभार मानले आणि ते जिना उतरू लागले.

बारक्या बाहेर आला. घामाने निथळत होता. "ताई, ओळखलं नाही ना त्याने मला?"

"नाही, तुला नाही."

तो जमिनीवर बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि खालच्या आवाजाकडे कान लावून उभी राहिले. टेलरकाकांचं मशीन चालूच होतं. मग ते थांबलं.