हॉलसमोरचा विसावा

त्या रविवारी चहा संपता संपता वामनराव म्हणाले, "चाल रागिणी, हॉल पाहून येऊ. उद्यापासून तो सरकारजमा होऊन राहिला."

रागिणी आदल्या संध्याकाळी अकोल्याहून आली होती. जठारपेठेत तिचं घर होतं आणि तिथल्याच एका कॉलेजात ती मराठी शिकवायची. महिन्यातला एखादा रविवार ती अमरावतीला, राजापेठेत आईबाबांकडे काढी. असा रविवार आला की बाबा तिला स्कूटरवर बसवून विद्यापीठाच्या बास्केटबॉल हॉलवर नेणार, हे ठरलेलंच असे. तिथे ते प्रशिक्षक म्हणून लागले, सगळ्यांचे भुयार सर झाले आणि तिथूनच निवृत्त झाले. निवृत्तीनंतरही त्यांची संध्याकाळ हॉलमध्येच जायची. सुभद्राबाई म्हणायच्या, "मले सवत असती तरी बरं होतं, तिच्याशी भांडता तर आलं असतं. हॉलाशी काय भांडू?"

येत्या शुक्रवारी मतदान होतं. मतदान झालं की गावोगावची यंत्रं या हॉलमध्ये येऊन पडणार होती, आणि मतमोजणीपर्यंत दाराला सील. आत सगळीकडे ताडपत्री अंथरलेली, बल्ल्या आणि लोखंडी जाळ्या पडलेल्या. जाळी ठोकणारा एक माणूस चपला घालूनच फिरत होता.

"चप्पल काढ बापा," वामनराव म्हणाले.

"काका, खाली ताडपत्री हाय ना."

"आन् ताडपत्रीखाली काय हाय?"

"फरशी असंल."

"सागवान हाय लेका. मेळघाटचं. तुह्या लग्नातल्या पलंगालेबी नसंल एवढं."

त्या माणसानं हसत चपला काढल्या. वामनराव प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर बसले आणि हॉलची कहाणी सांगू लागले. रागिणीला ती तोंडपाठ होती, पण जाळीवाल्याला नवीन होती. पहिल्यांदा इथं जवारीचं वावर होतं. मग पोरांनी स्वतः मुरूम टाकून सिमेंटचं कोर्ट केलं, जुन्या रुळांचे खांब रोवले. ते कोर्ट अजूनही हॉलसमोर होतं, भेगाळलेलं. पावसाळ्यात पोरं पोत्यांनी पाणी टिपून खेळायची. पुढे विद्यापीठानं टिनाचं छत घातलं. पाऊस आला की शिट्टी ऐकू येत नसे, म्हणून पंच रुमाल हलवायचे. मग लाकडाचा तळ आला. पण पहिल्याच पावसाळ्यात तळ एका कोपऱ्यात फुगला आणि तिथे चेंडू उसळेनासा झाला.

"मंग?" जाळीवाल्यानं विचारलं.

"मंग काय. आमच्या पोट्ट्यायले ठावं होतं, पावन्यायले नोतं. नागपूरवाल्यायले रेटत रेटत त्या कोपऱ्यात न्यायचं. चेंडू टाकला की मेला. ते खाली पाहात, तोवर आमचा पोट्टा चेंडू घेऊन पार."

"म्हंजे चीटिंगच की काका."

"चीटिंग कायची? घर ज्याचं, कोपरा त्याचा." आणि ते मोठ्यानं हसले. छताखालची दोन कबुतरं उडाली.

घरी येऊन त्यांनी भाकर आणि पातोडीची भाजी खाल्ली, पेपर तोंडावर घेतला आणि झोपले. रागिणी निघाली तेव्हा अर्धवट डोळे उघडून म्हणाले, "पोचली की फोन करजो." तिनं केला, तो आईनं घेतला. यापलीकडे त्या दिवशी काही घडलं नाही.

मतदान झालं, यंत्रं हॉलमध्ये गेली. त्यानंतरच्या आठवड्यात एका सकाळी आई उठवायला गेली तर वामनराव उठले नाहीत.

रागिणी पोचली तेव्हा बाबांना समोरच्या खोलीत ठेवलं होतं, बाजूला बर्फाच्या लाद्या. वरूडहून भाऊ किशोर आला होता, संत्र्याच्या बागेतून तसाच, पायाला माती. वामनरावांचे धाकटे भाऊ नत्थुजीकाका व्यवस्था पाहत होते. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि बर्फाचं पाणी उंबऱ्यापर्यंत आलं होतं.

ती बाबांजवळ बसली. चेहरा त्यांचाच होता. पण तिला वाटलं, आपण कुणा दूरच्या नातेवाइकाच्या मयतीला आलो आहोत. या घरातले वामनराव तिला कधी नीट भेटलेच नव्हते. घरी ते जेवत, पेपर वाचत, झोपत. विचारलं तर हो-नाही म्हणत. बोलणारे, चिडवणारे, मुलींच्या पुढे उलटं धावत "हात वर, हात वर" म्हणून ओरडणारे वामनराव हॉलमध्ये असत. शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंत ती तिथे असे. लहानपणी पायऱ्यांवर अभ्यास करत, पुढे संघात. संघात म्हणजे बहुतेक बाकावरच. तिचा नेम बरा होता, पाय जड. तरी एक दिवस चुकवला नाही. "वामनरावाची पोट्टी बापासारखीच येडी हाय खेळापायी," असं सगळं विद्यापीठ म्हणायचं.

"किशोर," ती म्हणाली, "बाबांना हॉलमध्ये न्यायचं. पाच मिनिटं का होईना."

किशोरनं तिच्याकडे पाहिलं. "तिथं मशीनी हायेत ताई. पाखरू जाऊ देत नाहीत."

"विचारून तर पाहू."

नत्थुजीकाकांनी ऐकलं. "बाई, दिवस मावळायच्या आत उरकलं पायजे. बर्फ टिकून नाही राहिला. आता हे काय काढलं तू?"

भिंतीशी बसलेली आई पहिल्यांदा बोलली. "जाऊ द्या तिले. मी त्याईले ताटावर तरी पाह्यलं. तिनं कुठं पाह्यलं, हॉलाशिवाय?"

किशोरच्या मोटरसायकलवरून दोघं कलेक्टर कचेरीत गेली. निवडणुकीचं काम पाहणारे साहेब दमलेले होते, पण भले वाटले. त्यांनी तिला बसायला सांगितलं, पाणी मागवलं.

"मॅडम, ते सील मी तोडू शकत नाही. कलेक्टरसाहेबही तोडू शकत नाहीत. मोजणीच्या दिवशी सगळ्या उमेदवारांसमोरच ते निघतं."

"दार नका उघडू. व्हरांड्यात ठेवू द्या."

"व्हरांड्यात केंद्रीय दलाचे जवान आहेत. ते माझंही ऐकत नाहीत."

"पाच मिनिटं, साहेब."

साहेबांनी डोळे चोळले. "एक सांगा. सरांची शेवटची इच्छा होती का तशी? म्हणजे तसं काही बोलले होते? असेल तर मी वर एक फोन करून पाहतो. खात्री देत नाही, पण इच्छा म्हटलं की माणसं ऐकतात."

हो, एवढंच म्हणायचं होतं. किशोरनं खालून तिच्या पायाला पाय लावला.

"नाही," रागिणी म्हणाली. "ते असं काही बोलले नव्हते."

"मग?"

ती उठली.

जिन्यात किशोरनं तिला थांबवलं. "हो म्हणाली असती तर काय जीभ झडली असती का तुही?"

"ते बोलले नाहीत ते त्यांच्या तोंडी कसं घालू?"

"पुस्तकं वाचून वाचून दगड झाली तू," तो म्हणाला आणि तोंड फिरवून रडू लागला.

ती दोन पायऱ्या उतरली आणि थांबली. घरातला बर्फ तिच्या डोळ्यांसमोर आला. बाबांना काय फरक पडणार होता खरं-खोट्यानं? फरक पडणार होता तो तिला. ती वळली आणि पळतच वर गेली. घोकत गेली: इच्छा होती साहेब, मी विसरले, त्यांनी मला त्या रविवारीच सांगितलं होतं. दार लोटलं तर खुर्ची रिकामी. पंखा फिरत होता. शिपाई म्हणाला, साहेब मीटिंगले गेले, आता संध्याकाळशिवाय नाहीत.

"फोन लावून द्या त्यांना."

"मीटिंगमधी फोन बाहेर ठेवतात, बाई."

ती काही वेळ त्या रिकाम्या खुर्चीसमोर उभी राहिली. खोटं बोलायला आलेलं माणूस ऐकणाऱ्यावाचून जसं उभं राहील, तशी.

तिरडी बांधून झाली होती. जुने खेळाडू आले होते, कुणी मास्तर, कुणी बँकेत, कुणाचं पोट सुटलेलं. उंची मात्र तशीच. बाबांना न्हाऊ घालून बाहेर आणलं तेव्हा रागिणी नत्थुजीकाकांपुढे उभी राहिली.

"काका, विसावा कुठे करणार?"

"कुठं म्हंजे? नाल्याजवळ. आपल्याकडचा विसावा तिथंच असते."

अर्ध्या वाटेत तिरडी खाली टेकवायची, पुढचे खांदेकरी मागे आणि मागचे पुढे व्हायचे, तो विसावा. त्यांच्याकडे बायका विसाव्यापर्यंत जात आणि तिथून मागे फिरत. पुढची वाट पुरुषांची. म्हणजे विसावा जिथे, तिथे तिचा बाप तिच्यापुरता संपणार होता. नाल्याजवळ. कचऱ्याच्या ढिगाशेजारी, पंक्चरच्या दुकानासमोर.

"हॉलच्या फाटकाशी करा," ती म्हणाली.

"पागल झाली का? उलटी दिशा हाय ते. या उन्हात मानसं मरतीन. आन् विसाव्याची जागा बदलत नसतात, घराले बरं नसते ते."

"मला नाल्यावर सोडवणार नाही त्यांना, काका."

"सोडवणार नाही म्हंजे? सोडाच लागते बाई. कुनाले सोडवते?"

"मग मी मागे फिरत नाही. मसणापर्यंत येते."

बायकांत कुजबुज झाली. काकांनी किशोरकडे पाहिलं. किशोरनं मडकं हातात घेतलं होतं; त्यानं हॉलच्या दिशेनं चालायला सुरुवात केली. खांदेकऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि त्याच्यामागे वळले. काका बडबडत चालत राहिले, "साराच गोंधळ झाला हा."

वाट लांब होती. डांबर मऊ झालं होतं. एका चढावर खांदेकऱ्याचा पाय मुडपला, तिरडी कलली, दुसऱ्यानं सावरली. रागिणी आईचा हात धरून मागे चालली होती आणि मनात एकच: अजून कुणीतरी दार उघडेल. असं होत नाही हे तिला कळत होतं. तरी.

फाटकावर पोलिसांच्या गाडीशी वर्षाली उभी होती. एके काळी याच हॉलमध्ये रागिणीच्या संघात खेळलेली, आता फौजदार. तिनं गर्दी पाहिली, तिरडी पाहिली आणि पुढे आली.

"मले सकाळीच कळलं, ताई. ड्यूटी सोडता आली नाही."

"आत जाऊ दे आम्हाला."

"जुन्या कोर्टापर्यंत या. तेवढं माह्या हातात हाय. पुढचे जवान माहे नाहीत. त्याईच्या हातात बंदुका हायेत, ताई, आन् त्याईले सर कोन हे माहीत नाही."

"तू सांग त्यांना."

"सांगितलं." वर्षालीचा आवाज बारीक झाला. "दोनदा सांगितलं. नाही म्हनाले."

जुन्या सिमेंटच्या कोर्टावर मांडव होता. सगळ्या पक्षांचे लोक तिथे कूलरसमोर गाद्या टाकून सील केलेल्या दारावर पहारा ठेवून होते. एका टीव्हीवर ते बंद दार दिसत होतं. गर्दी पाहून एकजण ओरडला, "ए, हे काय? मशीनी बदलायची आयडिया हाय का तुमची?"

"भुयार सर हायेत ते," दुसरा त्याला म्हणाला. "पत्ते आवर पह्यले."

पत्ते आवरले गेले. सगळे उभे राहिले. तिरडी कोर्टावर टेकली. सिमेंट एवढं तापलं होतं की आईनं बसायला टेकवलेला हात लगेच उचलला. समोर हॉल होता. दाराला कुलूप, कुलपाला लाख, लाखेवर चिठ्ठ्या, पुढे वाळूच्या पोत्यांमागे दोन जवान. रागिणी वाट पाहत राहिली. इथे तरी ते भेटतील असं तिला वाटलं होतं. आतून काही आवाज नव्हता. चेंडू नाही, शिट्टी नाही. कूलर घरघरत होता.

खांदेकऱ्यांनी जागा बदलल्या. काका म्हणाले, "झालं बाई. उचलू द्या आता. बायकाईनं मागं फिरा."

किशोरच्या बायकोनं तिच्या खांद्याला धरलं. तिनं तो हात काढला आणि तिरडीजवळ गुडघे टेकले. खालचा चटका कापडातून आत आला. काय बोलायचं ते तिनं ठरवलं नव्हतं. इतकी वर्षं वाचलेल्या कुठल्याच पुस्तकातलं वाक्य जवळ आलं नाही. ती बाबांच्या कानाशी वाकली, पण आवाज तिला बारीक ठेवता आला नाही. फाटकातल्या वर्षालीपर्यंत तो ऐकू गेला.

"बाबा, मले हा खेळ कधीच नाई आवडला. एक दिवस नाई. तुमी इथं राहात होते, म्हनून येत होती मी."